विशेष गरजांचे अपत्य आणि संसाराचा जमाखर्च

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमची हयात हिशेबतपासणीच्या धंद्यात गेली. वक्तृत्व हा आमचा प्रांत नव्हे. तथापि महिला शाखेने जो विषय आमच्यापुढे ठेवला, तो मुळी हिशेबाचाच आहे, आणि त्यासंबंधी बोलण्याचे एक ऋण आमच्यावर आहे, म्हणून आज येथे उभे राहण्याचे धाडस करीत आहोत.

ऋण कसले, तेही आरंभीच सांगतो. गतवर्षी आपल्या ज्ञातीतील एका तरुण दाम्पत्याने एक मूल दत्तक घेण्याचे योजिले होते. मुलगा दोन वर्षांचा. जन्मतः दोन्ही पावले आत वळलेली. दाम्पत्याने कागदपत्रे पाहिली, मुलाचे छायाचित्र पाहिले आणि मन बांधले. मग घरी वडीलधाऱ्यांची बैठक झाली. आम्हासही अगत्याने बोलावणे होते. कोणी दुष्टपणाने बोलले नाही, सर्वांनी काळजीनेच एक प्रश्न विचारला, 'परवडेल का?' त्या प्रश्नास कोणापाशी उत्तर नव्हते, आणि उत्तर नाही म्हणून नकार ठरला. दाम्पत्याने माघार घेतली. आमच्या घरी २०१७ पासूनची या प्रश्नाच्या उत्तराची वही होती. असे असता परक्याच्या घरगुती निर्णयात पडू नये, या सभ्यतेखाली आम्ही मौन पाळले. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या मौनाचे प्रायश्चित्त होय.

प्रथम थोडे मागे पाहू. आपल्या वाडवडिलांच्या काळी दत्तक घेणे हा मुलासाठी केलेला विचार नसून वंशासाठी, वतनासाठी आणि पिंडदानासाठी केलेला विचार असे. दत्तक बहुधा मुलगाच घेतला जाई, तो स्वजातीचा असावा असा दंडक असे, आणि तो अव्यंग असावा हे तर बोलून दाखविण्याचीही गरज नसे. जन्मजात व्यंग असलेल्या पुत्राला वारशातूनही वगळण्याची रीत धर्मशास्त्राच्या आधारे चालत आली होती. १९५६ साली हिंदू दत्तकविधान व निर्वाहाच्या कायद्याने मुलीला दत्तक जाण्याचा अधिकार दिला आणि जातीची अट काढून टाकली. त्याच वर्षीच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने रोग, व्यंग वा वैगुण्य यांमुळे कोणाचाही वारसा जाणार नाही असे स्पष्ट केले. कायद्याने दरवाजे उघडून इतकी वर्षे लोटली. आमच्या बैठकीतील अडसर मात्र आत, आपल्या मनातच राहिला होता.

महाराष्ट्रात तरी हा विचार कायद्याची वाट पाहत थांबला नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या १८७४ साली जन्मलेल्या मुलाला आपला यशवंत म्हणून वाढविले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी ज्यांची शुश्रूषा केली, त्या रोग्यांवर उपचार करणारा हाच मुलगा होता. फुले दाम्पत्याने आधी ऐपत मोजून मग मूल घेतले असेल, असे आम्हास वाटत नाही. परंतु आपण सामान्य माणसे आहोत, आपल्याला मोजावे लागते. तेव्हा मोजूच, पण नीट मोजू.

आज अनाथ, परित्यक्त वा आईवडिलांनी रीतसर सोपविलेल्या मुलांचे दत्तकविधान २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली, 'कारा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या नोंदणीतून होते. धडधाकट तान्ह्या बाळासाठी नाव नोंदविणाऱ्यांची रांग इतकी मोठी आहे की कित्येकांना तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. विशेष गरजांच्या मुलांपुढे रांग नाही. तेथे मुलेच वाट पाहत असतात. ज्या दाम्पत्याला आधीच दोन वा अधिक अपत्ये आहेत, त्यांना २०२२ च्या नियमांनुसार, नात्यातील अथवा सावत्र मूल सोडल्यास, अशीच मुले वा ज्यांना घर मिळणे कठीण आहे अशी मुले दत्तक घेता येतात. भारतातून परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांत विशेष गरजांच्या मुलांचा वाटा फार मोठा असतो. तेथे त्यांना प्रेमळ घरे मिळतात, याबद्दल कृतज्ञताच असावी. तथापि आपल्या मातीतील मूल आपल्याला 'न परवडणारे' आणि सातासमुद्रापलीकडच्या शिक्षकाला वा कारकुनाला परवडणारे, हे कोडे आपण निदान उकलून तरी पाहिले पाहिजे.

दत्तकविधानाचे शुल्क शासनाने नियमांतच ठरवून दिलेले आहे. त्याखेरीज संस्थेने देणगी मागावयाची नाही आणि आपणही द्यावयाची नाही. हा खर्च एकदाचा. गृहभेटीस येणारी समाजसेविका आपण श्रीमंत आहोत की नाही हे पाहत नाही, मिळकत स्थिर आहे की नाही आणि घरातील माणसे एका मनाची आहेत की नाही, हे पाहते. तेव्हा भय असते ते या शुल्काचे नसून पुढच्या आयुष्याच्या खर्चाचे असते. त्या भयाचेच आता पृथक्करण करू.

'विशेष गरजा' हा शब्द फार मोठी पिशवी आहे. तीत दुभंगलेला ओठ आहे, हृदयातील छिद्र आहे, बहिरेपण आहे, आणि आयुष्यभर सोबत करणारी बौद्धिक अक्षमताही आहे. या सर्वांना एकच किंमत लावणे म्हणजे किराणा आणि कर्जाचा हप्ता एकाच सदरात लिहिणे होय. ज्या मुलाच्या पायांमुळे बैठक मोडली, त्याचेच उदाहरण घ्या. आत वळलेल्या पावलांवर पॉन्सेटी नावाची उपचारपद्धती आहे. आठवड्याआठवड्याने प्लास्टर बदलीत पाऊल हळूहळू वळणावर आणतात, पुष्कळदा टाचेमागील स्नायुबंधाला लहानसा छेद देतात, आणि पुढे काही वर्षे मुख्यतः रात्री घालावयाचे पट्टीचे बूट देतात. हे उपचार तान्हेपणीच व्हावेत हे उत्तम, परंतु दोन वर्षांच्या मुलालाही त्यांचा लाभ होतो. अनेक शासकीय रुग्णालयांत ते विनामूल्य होतात. म्हणजे त्या संध्याकाळी ज्या खर्चाला आम्ही सर्वजण घाबरलो, त्याची चौकशी करण्यास आमच्यापैकी एकानेही एक दूरध्वनी केला नव्हता.

म्हणून पहिला नियम असा की निर्णयापूर्वी मुलाचा वैद्यकीय अहवाल स्वतःच्या विश्वासाच्या बालरोगतज्ज्ञास दाखवावा. तशी मुभा नियमांतच आहे. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: येत्या वर्षात काय करावे लागेल, पाच वर्षांत काय लागेल, आणि जन्मभर काय लागेल. उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. भीती तोंडी असते तोवर ती वाढत जाते. कागदावर उतरली की तिला बेरीज करता येते.

आता आमच्या वहीकडे वळतो. २०१७ साली आम्ही उभयतांनी तीन वर्षांची एक मुलगी घरी आणली. थोरला मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. वाणी स्वच्छ, बुद्धी तल्लख, परंतु पायांचे स्नायू आखडलेले. हे सर्व आज येथे सांगण्यास तिची अनुमती आम्ही मागितली आणि तिने ती दिली. ती येण्यापूर्वी आमच्या एका आप्ताने भाकीत केले होते, 'वर्षाला पाच लाख बाजूला ठेवा.' आम्ही धंद्याच्या सवयीने पहिल्या दिवसापासून वही घातली. पहिल्या वर्षाची बेरीज १,८४,००० रुपये झाली. त्यात व्यायामोपचाराचे ७२,०००, डोंबिवलीहून जाण्यायेण्याचे व रिक्षाचे ३८,०००, पायांच्या पट्ट्या व बुटांचे २२,०००, डॉक्टर व तपासण्यांचे १६,०००, आणि कोणत्याही मुलाला लागते ते दूध, कपडे, खेळणी यांचे ३६,०००. आमच्या मिळकतीत ही रक्कम सुखाने बसली असे म्हणणार नाही. दोन सहली रद्द झाल्या, घराची रंगरंगोटी पुढे गेली. परंतु बसली.

यातील काही रक्कम आमच्या अज्ञानामुळे गेली, तेही सांगितले पाहिजे. दिव्यांगत्वाचा दाखला काढण्यास आम्ही वर्षाहून अधिक काळ टाळाटाळ केली. मुलीच्या कपाळी शिक्का बसेल, अशी आमची वेडी समजूत होती. शिक्का कसला? ती किल्ली होती. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या अपत्याचा भार वाहणाऱ्या पालकास, तो जुनी करपद्धती निवडीत असल्यास, मिळकतीतून ७५,००० रुपयांची वजावट मिळते, आणि ऐंशी टक्क्यांवर ती १,२५,००० होते. खर्च प्रत्यक्ष किती झाला याचा तीत प्रश्न नसतो. आमच्या दिरंगाईने एका वर्षाचे पंधरा हजारांवर रुपये करात गेले, आणि तेही हिशेबतपासनिसाच्या घरात! रेल्वेच्या तिकिटात मुलाला व त्याच्या सोबत्याला सवलत, लोकलमधील राखीव डबा, या गोष्टीही त्या दाखल्यामागोमाग आल्या.

दुसरे अज्ञान उपचारांविषयीचे. घराजवळच्या खाजगी व्यायामशाळेत आम्ही वर्षभर पैसे भरले. पुढे कळले की मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, आणि पायांच्या पट्ट्या तेथे अल्प दरात बनतात. कानांच्या दोषासाठी वांद्र्याची १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लान्टला केंद्र शासनाच्या योजनेतून साहाय्य मिळते, मात्र वयाची मर्यादा असल्याने तेथे विलंब चालत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून जिल्ह्याजिल्ह्यात लहान मुलांसाठी तपासणी व उपचाराची केंद्रे निघाली आहेत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व बहुविध दिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. नाममात्र वर्गणीत तीत एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, आणि व्यायामोपचारही तीत बसतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. या सर्व ठिकाणी रांगा आहेत, खेपा आहेत, एका कागदासाठी तीनदा जाणे आहे. सर्व सुरळीत चालते, असे खोटे चित्र आम्ही रंगविणार नाही. परंतु रांगेत उभे राहणे आणि सावकारापुढे उभे राहणे, यांत अंतर आहे.

मित्रहो, आता वहीतील सर्वांत मोठ्या रकमेकडे येतो. ती रक्कम वहीत नव्हती! मुलगी घरी आल्यावर आमच्या पत्नीने दीड वर्ष बिनपगारी रजा घेतली. तिचे वेतन त्या वेळी दरमहा २८,००० रुपये होते. अठरा महिन्यांचे ५,०४,००० रुपये होतात. औषधाचा, बुटांचा, रिक्षाचा पै पै हिशेब ठेवणाऱ्या आम्हास ही रक्कम तीन वर्षांनी, सहज बोलण्याच्या ओघात ध्यानी आली. हिशेबातील ही चूक आमच्या एकट्याची नसावी. बायकांचा वेळ फुकट असतो, हे गृहीत धरूनच आपले संसार लिहिले जातात. विशेष गरजांच्या मुलाचा खरा खर्च औषधाचा क्वचितच असतो. तो वेळेचा असतो. आठवड्यातून तीनदा उपचारास कोणी न्यावयाचे, दुपारी व्यायाम कोणी करून घ्यावयाचा, आई तापाने पडली तर मुलीला जिना कोणी चढवावयाचा?

या प्रश्नाचे आमच्या घरी आलेले उत्तर आम्ही जन्मात विसरणार नाही. आपल्याच ज्ञातीतील एक सेवानिवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, एके दिवशी आल्या आणि म्हणाल्या, 'मंगळवार आणि शुक्रवार माझे. मुलीला मी नेईन.' पावणेदोन वर्षे त्यांनी ते दोन वार सांभाळले. त्यांच्यामुळे पत्नीला पुन्हा कामावर रुजू होता आले. मावशींनी आम्हास एक रुपयाही दिला नाही, पण त्यांच्याहून मोठी देणगी आमच्या वहीत जमा नाही. 'परवडेल का?' या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हास गवसले. एका घराला कदाचित परवडणार नाही. दोन वार उचलणारी माणसे भोवती असतील, तर परवडते.

उरतो तो रात्री झोप उडविणारा प्रश्न. आमच्या पश्चात काय? प्रथम हे ध्यानी घ्यावे की दत्तक अपत्य कायद्याने सर्व बाबतीत आपलेच अपत्य होते आणि त्याला वारसा पोहोचतो. शासकीय नोकराच्या दिव्यांग अपत्याला, ते स्वतः कमवू शकत नसल्यास, नियमांतील अटींनुसार आजन्म कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी नोकरीच्या कागदपत्रांत नाव वेळीच नोंदवावे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या ज्या व्यक्तीला गरज असेल, तिला अठरा वर्षांनंतर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून रीतसर पालक नेमून घेता येतो. मृत्युपत्र करावे, आणि मूल स्वतः पैसा सांभाळू शकणार नसेल तर विश्वस्तनिधीचा विचार वकिलाच्या सल्ल्याने करावा. भावंडांवर हा भार न बोलता टाकू नये. त्यांना विचारावे, आणि त्यांना 'नाही' म्हणण्याची मोकळीक ठेवून विचारावे.

एवढे ऐकून कोणी आज घरी जाऊन घाईने निश्चय करील, तर आम्हास दुःख होईल. ज्याला पुण्य जोडावयाचे आहे त्याने देवळात दान द्यावे, मूल घेऊ नये. उपकारकर्त्याच्या घरात वाढणे मुलाला फार जड जाते. पतिपत्नींपैकी एकाचे मन नसेल, डोक्यावर कर्जाचा बोजा असेल, किंवा मुलाची स्थिती नातलगांपासून लपविण्याचा विचार असेल, त्यांनी थांबावे. घरी आणलेले मूल परत पाठविण्याचे प्रसंगही घडतात. आधीच एकदा टाकलेल्या जिवाला दुसऱ्यांदा टाकण्यापेक्षा वेळीच दिलेला नकार शतपट बरा. हिशेबाअंती आलेल्या नकाराबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार हिशेब न करता दिलेल्या नकाराबद्दल आहे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमच्या चार विनंत्या आहेत. एक, आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून आजवर गुणानुक्रमाने पारितोषिके दिली गेली, त्यातील काही हिस्सा अशा मुलांच्या उपकरणांसाठी बिनव्याजी उसनवार म्हणून ठेवावा. शासनाचे साहाय्य उशिरा येते, आणि वाढत्या पायाचा बूट थांबत नाही. दोन, महिला व तरुण शाखांनी 'वार देणाऱ्यांची' यादी करावी. आठवड्यातील एक दुपार देण्यास जे तयार असतील, त्यांची नावे तीत असावीत. वर्गणीपेक्षा ही यादी मोलाची ठरेल. तीन, ज्या कुटुंबांनी या वाटा तुडविल्या आहेत, त्यांनी नवख्यांबरोबर दाखल्याच्या व रुग्णालयाच्या पहिल्या खेपेस जावे. आमचे नाव या कामी प्रथम लिहावे. चार, आपल्या कुटुंबसूचीत दत्तक अपत्याचे नाव इतर अपत्यांप्रमाणेच, कोणतीही खूण न करता छापावे. ते कोणाच्या पोटी, कोणत्या जातीत जन्मले, हे विचारण्याचे आपल्याला कारण नाही. ज्या घरात ते वाढते, त्या घराचे ते.

शेवटी त्या वहीचे काय झाले ते सांगून आटोपते घेतो. २०२३ सालची गोष्ट. मुलगी नऊ वर्षांची झाली होती. कपाटातून पुस्तक काढताना तिच्या हाती ती वही लागली. वर तिचे नाव होते. तिने पाने चाळली, आकडे वाचले आणि विचारले, 'बाबा, ही माझी वही. दादाची वही कुठे आहे?'

थोरल्या मुलाच्या शिकवणीवर, सायकलीवर, दातांच्या तारांवर आम्ही कमी खर्च केला नव्हता. त्याची वही मात्र आम्ही कधी घातली नाही. त्याचा खर्च तो संसाराचा खर्च, आणि हिचा खर्च तेवढा मोजण्याचा! आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवशी आम्ही वही बंद केली. तेव्हापासून दोघांचाही खर्च घरखर्चाच्या एकाच सदरात पडतो.

मूल घरी येण्यापूर्वी अवश्य हिशेब करा, पै पैचा करा, आणि त्यात आईचा वेळ धरा. एकदा ते उंबरा ओलांडून आत आले की त्याची वही वेगळी ठेवू नका. गतवर्षीच्या त्या दाम्पत्याने पुन्हा नोंदणी केल्याचे आमच्या कानी आले आहे. पुढील बैठकीस बोलावणे आले, तर या वेळी आम्ही वही घेऊन जाऊ, आणि गप्प बसणार नाही.